न हलणारी पाटी

हिदाका तेइजी या माणसाबद्दल इसोएची तक्रार एकच होती. पण ती तिने खालच्या मजल्यावरच्या सुनेला, समोरच्या टोफूवाल्याला आणि देवघरातल्या नवऱ्याच्या तसबिरीलाही सांगून झाली होती. हा माणूस वर चढत नाही आणि खालीही उतरत नाही!

“माणूस आहे की भिंतीतली खुंटी?” ती म्हणायची. “सात महिने झाले. सात! एवढ्यात मूल होतं एखादीला.”

“सातव्यात नाही होत, आई,” सून फुसाए वस्तऱ्याला धार लावता लावता म्हणाली.

“घाई असली की होतं. पण या माणसाला घाई म्हणून नाही.”

फुसाएने मान खाली घातली. हसू लपवायला वस्तरा बरा पडतो.

होसोशिमा बंदरातून वर येणाऱ्या चढावर फुसाएचं केस कापायचं दुकान होतं, आणि त्याच्या डोक्यावर इसोएचा गोचा अड्डा. गो म्हणजे काळ्या-पांढऱ्या खड्यांनी पटावरची जागा वेढायचा खेळ; वेढलेली जागा मोजायची घरांत. आठ पट, सोळा उशा आणि कायम उकळणारी एक किटली. पूर्वेच्या भिंतीवर पाट्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची एक लाकडी पाटी, ज्याच्या त्याच्या पायरीवर टांगलेली. खालच्या ओळींत क्यूवाले. क्यूचा हिशेब उलटा: तिसावा क्यू म्हणजे काल खेळ शिकलेला, पहिला क्यू म्हणजे उंबऱ्याशी येऊन पोचलेला. उंबरा ओलांडला की दान, आणि तिथून हिशेब सुलटा. एक दान, दोन दान, तीन दान… आकडा मोठा तसा माणूस मोठा. दोघांमध्ये जितक्या पायऱ्यांचं अंतर, तितके काळे खडे दुबळ्याने डाव सुरू व्हायच्या आधीच पटावर मांडायचे. मग शिकाऊ असो की मुरलेला, दोघांनाही सारखाच घाम फुटतो. एवढा न्याय दुनियेत दुसरीकडे कुठे नाही, असं इसोएचं मत होतं, आणि इसोएचं मत सहसा बदलत नसे.

पण हा न्याय टिकतो तो पाटी खरी असेल तरच. आणि पाटी खरी ठेवणं हे तिचं काम. नियम सरळ होता. सलग तीन डाव जिंकलात, पाटी एक पायरी वर; सलग तीन हरलात, एक पायरी खाली. वशिला नाही, रडारड नाही. मासळीच्या लिलावातले कावानो आजोबा एकदा शहरातून तीन दानाचं प्रमाणपत्र घेऊन आले होते, सोनेरी चौकटीत बसवलेलं. इसोए त्यांच्याशी एक डाव खेळली आणि त्यांची पाटी एक दानावर टांगून मोकळी झाली.

“आणि माझा हा कागद?” आजोबांनी विचारलं.

“घरात भिंतीला ओल आलीय ना? तिथे लावा. झाकली जाईल.”

चौथीतून शाळा सुटलेली बाई. अक्षर वाकडं, कोंबडीने पाय उमटवल्यासारखं. पण तिने वाकड्या अक्षरात लिहिलेलं एक दान शेजारच्या नोबेओका गावापर्यंत एक दान म्हणूनच चालायचं. तिची स्वतःची पाटी तीन दानावर होती, भिंतीवर सगळ्यांत उंच. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि तो असतानापासून तिने कुणापुढे आधी खडे मांडले नव्हते. मांडायचे ते इतरांनी.

अशा भिंतीवर हिदाकाची पाटी मार्चपासून दोन क्यूवर लटकलेली होती. वाऱ्याने हलली असेल तेवढीच.

*

तो आला तोच मुळी चुकून.

मार्चमधली दुपार. समुद्राकडून बारीक पाऊस येत होता, छत्री असली तरी कानात शिरणारा. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक उंच, साठीतला माणूस उभा राहिला. केस वाढलेले, टोकांवरून पाणी ठिबकतंय, हातात काढलेली टोपी.

“केस… कापायचे होते,” तो म्हणाला.

“केस खाली कापतात,” इसोए पटावरून मान न उचलता म्हणाली. “वर आम्ही नाक कापतो.”

तो हसला. मोठ्याने नाही, जसं चहाच्या पेल्यावरचं झाकण जरासं उचललं जावं आणि वाफ बाहेर यावी, तसं. इसोएने मग मान उचलली.

तो परत फिरला नाही. खिडकीजवळच्या पटाकडे आला, वाडग्यातला एक पांढरा खडा उचलला, उजेडाकडे धरून अंगठ्याने फिरवला. “हा माझा आहे.”

“आल्या आल्या मालकी सांगायला लागलात?”

“तसं नव्हे… मी घासलाय. शिंपल्याचे पांढरे खडे करतो मी. बंदराच्या पलीकडे, वाळूकडे जाणाऱ्या वाटेवर.” त्याने खडा पुन्हा वाडग्यात ठेवला, आवाज न करता. “पंधरा-सोळा वर्षं झाली असतील हा संच विकून. कुठे गेला कधी कळलं नव्हतं.”

“कळलं ना आता. खेळताही की नुसते घासता?”

“खेळतो… थोडं.”

“थोडं म्हणजे किती? इथे थोड्याला आकडा असतो.”

त्याने भिंतीकडे पाहिलं. मग आठ पटांकडे. मग तिच्याकडे. “हा खिडकीजवळचा पट कुणाचा?”

“माझा. क्यूवाल्यांना मी समोर बसवते. दानवाले तिकडे आपापसात मरतात.”

“त्यांच्याशी नाही खेळत तुम्ही?”

“त्यांना सगळं येतं. विचारा कुणालाही, तेच सांगतील.”

बाहेर पन्हळीतून पाणी वाहत होतं.

“मी… दोन क्यू असेन,” तो म्हणाला.

“असेन? साठी आली आणि माणसाला आपली पायरी माहीत नाही?”

“नऊ वर्षं खेळलो नाही.”

हे मात्र त्याने अशा आवाजात सांगितलं, की इसोएने जिभेवर आलेलं पुढचं वाक्य गिळलं. असं ती क्वचितच करायची. तिने त्याला उशी दिली, चहा दिला, आणि त्याने पटावरच्या चार ठिपक्यांवर चार काळे खडे मांडले. दोन क्यू ते तीन दान, चार पायऱ्या. तो तीन घरांनी हरला. इसोएने पाटीवर वाकड्या अक्षरात लिहिलं: हिदाका, दोन क्यू. तो केस न कापताच घरी गेला.

“माझं गिऱ्हाईक पळवलंत, आई,” फुसाए म्हणाली.

“परत येईल. केस वाढतातच.”

केस वाढले. माणूस मंगळवारी आला, शुक्रवारी आला, पुढच्या मंगळवारी आला. पण जिना चढूनच.

*

खिडकीजवळच्या त्या पटावर उन्हाळा कसा गेला ते इसोएला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, उकाड्यात गेला. खरं तर तो फार सुरेख गेला.

“तुम्ही खडा ठेवता तो मांजर बसल्यासारखा बसतो,” ती एकदा म्हणाली. “आवाज करा जरा. दबदबा असतो त्याने.”

“चाळीस वर्षं घासलेत. आपटला की मला लागतो.”

“मग माझ्या हातचे पांढरे खडे आपटतात तेव्हा?”

“तेव्हा…” त्याने पटाकडे पाहिलं. “तुमच्या हातातून पडला तर चालतो.”

पांढरे खडे नेहमी बलवानाकडे. म्हणून त्या दोघांच्या पटावर ते इसोएच्या वाट्याला. आपणच घासलेला एकेक खडा तिच्या दोन बोटांत येताना तो पाहत बसायचा, आणि चाल करायची विसरायचा.

“पट इकडे आहे,” ती म्हणायची.

“पाहतोय ना.”

“तुम्ही बोटं पाहताय. बोटं चाल सांगत नाहीत.”

ऑगस्टमध्ये तो अंगणातली हेबेसु लिंबं घेऊन आला, हिरवीगार, कागदात गुंडाळून. इसोएने आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोची थंडगार आमटी भातावर ओतली, काकडी घातली, वर लिंबू पिळलं, आणि खेळ थांबवून दोघं खिडकीत बसून जेवली. एक थेंब तिच्या गालावर उडाला. त्याने बोटाने आपल्या गालावर जागा दाखवली… तिने चुकीचा गाल पुसला. त्याने पुन्हा दाखवलं. तिने पुन्हा चुकीचाच पुसला.

“तुमचा उजवा,” तो म्हणाला.

“मला माझा उजवा शिकवू नका!” ती म्हणाली, आणि कान तापले. सत्तावन्न वर्षांचे कान, लाज वाटायला हवी होती त्यांना.

फुसाए सगळं पाहत होती. “आई, आज शुक्रवार वाटतं?”

“कशावरून?”

“निळा किमोनो. तुमचा बुधवार तपकिरी असतो.”

“तपकिरी धुवायला टाकलाय!”

“दर शुक्रवारी?”

तो जिंकला की इसोए चिडायची, ती जिंकली की जिना उतरून खाली जायची आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून सुनेला सांगायची, “आज दोन घरांनी! खिडकीच्या बाजूने कोंडला त्याला!” गिऱ्हाईक बिचारं फेसात मान हलवायचं. दिवस असे बरे चालले होते. फक्त ती पाटी. तीन विजय सलग होत नव्हते, तीन पराभवही सलग होत नव्हते.

*

ऑक्टोबरच्या शेवटी नोबेओकाच्या अड्ड्याशी सामना असायचा. पाचजण इकडचे, पाचजण तिकडचे, आणि प्रत्येकाची पायरी यादीत लिहून खाली मालकाचा शिक्का. त्या यादीवरूनच कुणी कुणापुढे किती खडे मांडायचे ते ठरतं. गेल्या वर्षी तिकडच्या मालकाने चांगल्या चार दानाच्या माणसाला दोन दान म्हणून बसवलं होतं. इसोएने भर सभेत उठून विचारलं होतं, “तुमच्या गावात आकडे मोजायला शाळा नाही का? मी चौथी आहे, मी शिकवते.” तो माणूस वर्षभर तिच्या चुकीची वाट पाहत बसला होता, हे सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं.

यादी रविवारी द्यायची होती. पाचवा माणूस अजून ठरायचा होता. इसोएच्या मनात नाव आधीच होतं. मनात दुसरं नावच नव्हतं. तरी नियम म्हणून बुधवारी तिने डावांची वही उघडली. तिच्या वहीत नावांखेरीज अक्षरं नसतात: जिंकला तर पोकळ गोल, हरला तर भरलेला. हिदाकाच्या नावापुढे अठ्ठावन्न गोल होते.

पोकळ, भरलेला, भरलेला, पोकळ. पोकळ, भरलेला, पोकळ, भरलेला, भरलेला…

तिसरा कुठे नव्हताच. अठ्ठावन्न डावांत एकदाही नाही. आणि शेजारी घरांचे आकडे: दोन, तीन, दोन, एक, दोन. जिंकला तरी दोन, हरला तरी दोन. चहा ओतणाऱ्याने डोळे मिटून दर वेळी पेला काठापर्यंतच भरावा, आणि एक थेंब सांडू नये… तसं.

इसोए वहीकडे बघत बसली. किटली उकळून उकळून कोरडी पडली.

समोरचा माणूस जीव तोडून खेळत असताना बरोब्बर दोन घरांनी हरायचं, हे काम दोन क्यूचं नव्हे. तीन दानाचंही नव्हे. ते तिला स्वतःला जमलं नसतं. म्हणजे तो तिच्याहून वरचा होता; कितीतरी वरचा. आणि तिने, जिच्या नजरेवर सगळा किनारा विसंबतो, तिने त्याच्या नावाने आपल्या हाताने खोटी पाटी टांगली होती. रविवारी ती यादीत उतरणार होती, तिच्या शिक्क्यासकट.

पण छातीत जे टोचत होतं ते यादीचं नव्हतं.

*

गुरुवारी ती बंदराच्या पलीकडे गेली. रिमझिम होती, छत्री उघडायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, जिकडेतिकडे पांढरी पूड. तो दाराकडे पाठ करून बसला होता, समोर तीन लाकडी खोकी. खडा उचलायचा, उजेडात त्याच्या रेषा पाहायचा, आणि एका खोक्यात टाकायचा. सरळ, बारीक रेषांचा खडा हिमाच्या खोक्यात. त्याहून जाड रेषांचा चंद्राच्या. उरलेला रोजच्या वापराच्या.

“हिदाकासान.”

तो दचकून उठला. “तुम्ही? इथे… भिजलात की! बसा—”

“बसायला नाही आले. हिमाचा खडा तुम्ही कधी रोजच्या वापराच्या खोक्यात टाकलाय?”

“नाही.”

“कुणी भोळं गिऱ्हाईक आलं म्हणून?”

“कधीच नाही.”

“मग माझ्या भिंतीवर का टाकलात?”

तो समजला. त्याने हातातला खडा खाली ठेवला, आणि या वेळी खडा वाजला.

“खरं किती?” तिने विचारलं.

“नऊ वर्षांपूर्वी… मियाझाकी शहरात पाच दान होतो. आता माहीत नाही.”

“आणि माझ्याकडे दोन क्यू!”

“तुम्ही म्हणालात, क्यूवाल्यांना मी समोर बसवते.” तो तिच्याकडे पाहत नव्हता. “दान म्हटलं असतं तर कावानो आजोबांसमोर बसावं लागलं असतं.”

“कावानोंना काय झालंय?”

“काही नाही, चांगले आहेत… पण त्यांच्यासाठी मी तो जिना दुसऱ्यांदा चढलो नसतो.”

खोलीत पूड तरंगत होती. इसोएचे कान पुन्हा तापले, आणि त्यांचा तिला भयंकर राग आला.

“गोड बोलून पाटी खरी होत नाही,” ती म्हणाली. “मी जिंकले की खाली जाऊन सुनेला सांगायचे. हसत हसत. लोकांच्या डोक्यावरून. त्यातला एकही डाव माझा नव्हता, हिदाकासान. एकही. तुम्ही मला वाढत होतात, आणि मला वाटायचं मी कमावतेय.”

त्याने हातांवरची पूड झटकली.

“वर चढत गेलं की समोरची उशी रिकामी होत जाते,” मग तो हळूच म्हणाला. “शहरात शेवटी शेवटी माझ्यापुढे कुणी बसायचं नाही. मग बायको गेली, घरातली समोरची जागाही… मी खेळच सोडला. त्या दिवशी जिना चुकलो, आणि समोर तुम्ही होतात. मला वर जायचं नव्हतं. बस, एवढंच. पण तुमचे डाव मी असे हिरावून घेतोय, हे… नाही सुचलं मला. खरंच नाही सुचलं.”

“शनिवारी दुपारी या,” इसोए म्हणाली. “सगळ्यांदेखत. पहिला डाव बरोबरीचा. मी हरले की एक पायरी उतरेन, पुन्हा हरले की आणखी एक. जिथे अंतर बरोबर बसेल तिथे तुमची पायरी.”

“इसोएसान, सगळ्यांसमोर तुम्ही खडे…”

“एक जरी चाल मुद्दाम चुकलात, तर पाटी चुलीत जाईल, आणि तुम्ही खाली केस कापायलाही येऊ नका.”

नाव घेऊन त्याने तिला पहिल्यांदाच हाक मारली होती. हे तिला अर्ध्या वाटेत लक्षात आलं, आणि छत्री अजून बंदच आहे हेही.

*

शनिवारी अड्डा भरला होता. फुसाएने दुकानाच्या दाराला ‘थोड्या वेळाने’ची पाटी अडकवली आणि एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीनिशी वर घेऊन आली.

बरोबरीच्या डावात रंग ठरवायला पांढऱ्या खड्यांची मूठ भरतात, आणि मूठ भरायचा मान वरच्या पायरीचा. इतकी वर्षं तो हात इसोएचाच. तिने पांढऱ्यांचा वाडगा उचलला… आणि पटावरून त्याच्याकडे सरकवला.

“मूठ तुम्ही भरा.”

कावानो आजोबांच्या हातातला पंखा थांबला.

पहिला डाव तासाभरात आटोपला. हिदाका जो खेळला तो तिने कधी पाहिलाच नव्हता. हात तोच, हलका. पण प्रत्येक खडा जागच्या जागी बसत होता, जणू ती जागा त्याचीच वाट पाहत होती. ती अकरा घरांनी हरली.

दुसऱ्यात, एका पायरीच्या अंतराला शोभेल तसे, तिने काळे आणि पहिली चाल घेतली. पाच घरांनी हरली.

“मालकीणबाई, पुरे की आता,” कावानो आजोबा म्हणाले. “नियम आमच्यासाठी असतात.”

“तुमच्यासाठी वेगळे नियम असते तर तुम्ही आज तीन दान असता. बसा.”

तिने वाडग्यातून दोन काळे खडे घेतले. सगळ्यांचे डोळे तिच्या बोटांवर. एक खडा उजव्या कोपऱ्याच्या ठिपक्यावर ठेवला. दुसरा समोरच्या कोपऱ्यात, त्याच्या हाताजवळ. त्याने ते पाहिलं, आणि नजर न चुकवता तिला वाकून नमस्कार केला. पाच दानाने तीन दानाला करावा तसा नव्हे, त्याहून खाली.

आणि मग काय डाव झाला! तिने कोपरा सोडला आणि मध्य घेतला. त्याने मध्य फोडला. तिने पाठ दाखवली नाही, उलट त्याच्याच खड्यांमध्ये घुसली. पहिल्या दोन डावांत त्याने चहाला हात लावला होता; या डावात चहा गार झाला. त्याचे कान लाल झाले होते. एकदा तो “अहो…” एवढंच म्हणाला. ती म्हणाली, “अहो काय, खेळा!” एरवी टोमणे मारणारी माणसं श्वास धरून उभी होती. अर्ध्या दाढीवरचा फेस वाळून गेला.

घरं मोजली. काळे एक घराने पुढे.

कुणीतरी टाळी वाजवली. इसोए हसली नाही. “पुन्हा मांडा,” ती म्हणाली. “पहिल्या चालीपासून.”

दोघांनी पट रिकामा केला आणि सगळा डाव आठवणीतून पुन्हा मांडला, खडा खडा करून. ती प्रत्येक पांढऱ्या खड्यावर बोट ठेवत होती. इथे मुद्दाम सोडलं? नाही. इथे? नाही. डाव्या कडेला, एकशे चाळिसाव्या चालीच्या आसपास, तिचं बोट थांबलं.

“इथे माझे खडे एकमेकांपासून कापले असते तर तुम्ही जिंकत होतात.”

हिदाका पुढे वाकला. बराच वेळ पाहत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते कुणालाही खोटं आणता आलं नसतं. तो चक्क रागावला होता. स्वतःवर.

“दिसलंच नाही!” तो म्हणाला. “एवढी मोठी जागा… मी तुमच्या त्या कोपऱ्याच्या धाकात होतो. इसोएसान, मी हरलो. खरोखर हरलो.” आणि तो हसायला लागला, आता मोठ्याने, झाकण बाजूला ठेवून.

इसोएने खिडकीबाहेर पाहिलं, कारण डोळ्यांचं काय करावं ते तिला कळेना. एक घर. एकच. पण तिचं स्वतःचं.

तिने स्टूल ओढलं. “मालकीणबाई, मी चढतो,” म्हणत कावानो आजोबा पुढे आले. “तुम्ही एक दानावरच थांबा,” ती म्हणाली आणि स्वतः चढली. दोन क्यूवरची पाटी काढली. कोरी पाटी मांडीवर घेऊन स्टुलावर बसूनच कुंचल्याने लिहिलं, नेहमीच्याच वाकड्या अक्षरात, आणि स्वतःच्या पाटीच्या वर, जिथे आजवर नुसती भिंत होती, तिथे टांगली.

खाली उतरली तेव्हा हिदाका दानवाल्यांच्या कोपऱ्याकडे पाहत होता. परदेशी निघालेला माणूस बोटीकडे पाहतो तसा.

“तिकडे काय बघताय?” इसोए म्हणाली, आणि मग सगळ्या अड्ड्याला ऐकू जाईल अशा आवाजात:

“हिदाकासान, नीट ऐका, मी दोनदा सांगत नसते. तुम्ही पाच दान. यादीत तेच जाईल, शिक्का माझा. सात महिने मला फसवलंत, ते मी विसरणार नाही. म्हातारपणी भांडायला लागेल काहीतरी. आणि त्या कोपऱ्यात तुम्ही बसायचं नाही. बसायचं इथे, खिडकीशी, माझ्यासमोर, पांढरे घेऊन, नुसतं मंगळवार-शुक्रवार नव्हे, रोज. दोन खडे मी मांडीन, आणि एकेक करून दोन्ही तुम्हाला परत करीन. त्याला किती वर्षं लागतील ते मला माहीत नाही. तेवढी वर्षं तुम्हाला इथून हलता यायचं नाही… आधी खाली जा आणि केस कापून या.”